मानपूरहून समूहगानाला: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

घरात ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगता किंवा एडीएचडी असलेली अठरा वर्षांपुढची व्यक्ती आहे. तिला गाणं आवडतं. आठवड्यातून एकदा चार माणसांत बसून गाता यावं, एवढीच मागणी आहे. इंदूरजवळच्या मानपुरात राहून हे जमेल का, आणि किती पडेल?

जमेल. गाणं स्वस्तच आहे. प्रवास, सोबतीचा माणूस आणि दारावरची ‘थेरपी’ ही पाटी महाग पडते. या तिन्ही ठिकाणी पैसे कसे वाचवायचे, तेवढंच इथे सांगतो.

कुठे जायचं

प्रौढांच्या खास समूहगानाची पाटी शोधत मानपुरात हिंडू नका. तुमच्यापुढे वाटा तीन. इंदूरला जा, महूत बघा, नाहीतर गावातच बसवा. माझं मत विचाराल तर उलट क्रमाने सुरुवात करा.

गावात आधी भजनी मंडळ गाठा. मराठी असो, हिंदी असो, सुंदरकांडाची मंडळी असो, फरक पडत नाही. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती धरायची. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच चटई, जवळपास तोच क्रम. प्रवेशपरीक्षा नाही, नोटेशन नाही, बेसूर माणसाला कुणी उठवत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या हातात चिपळ्या देता येतात. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असलं की ज्यांना बरं वाटतं, अशांसाठी यापेक्षा सोयीची मांडणी शहरातला महागडा वर्गही देऊ शकणार नाही. शिवाय फी नाही. फार तर प्रसादाची पाळी येईल, तेव्हा एका दिवसाचा शिरा किंवा केळी.

अडचण एकच, पण मोठी: आवाज. बंद खोलीत दहा टाळ एकदम वाजले की ऑटिस्टिक माणसाला ते अक्षरशः सोसवत नाही. मंडळाच्या प्रमुखांना आधीच भेटा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिला अर्धा तास टाळ आणि माईक बंद ठेवता येईल का? दाराजवळची जागा आमच्यासाठी ठेवाल का, म्हणजे मध्येच उठता येईल? आणि आमचा मुलगा महिनाभर नुसता बसून राहिला, गायलाच नाही, तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हळूहळू गायला लावू’ असं आलं तर दुसरं मंडळ बघा. आवाज कमी करायला बांधकामावरचे कामगार कानावर घालतात तसले मफ काही शेकड्यांत हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. ‘सेन्सरी’ असं नाव छापलेले तसलेच मफ दुपटीने विकले जातात. साधे घ्या.

महू वीस-पंचवीस किलोमीटर, इंदूर साधारण पंचेचाळीस. इंदुरात मराठी माणसांच्या संस्थांना तोटा नाही: महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद आहे, राजेंद्र नगरात महाराष्ट्र समाज आहे. असा गट तिथे तयार मिळेल म्हणून जाऊ नका. खोली, पेटीवाले आणि वेळ असलेली निवृत्त मंडळी यांची चौकशी करायला ही दारं चांगली आहेत. राजेंद्र नगर आणि राऊ आग्रा-मुंबई रस्त्यालाच लागून असल्यामुळे मानपूरकरांना शहरात शिरावं लागत नाही. राजवाड्याजवळची खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका. गर्दी, भोंगे आणि पार्किंग यांतच तुमचा माणूस दमून जाईल.

प्रवासाचा खरा आकडा

स्वतःच्या गाडीने इंदूरला जाऊन येऊन नव्वद किलोमीटर होतात. गाडी लीटरला पंधरा देत असेल तर सहा लीटर पेट्रोल. लीटरला शंभराच्या वर धरा, म्हणजे खेपेला सहाशेच्या पुढे आणि महिन्याच्या चार खेपांना अडीच हजारांच्या आसपास. टोल वेगळा. चोवीस तासांत परतलात तर राष्ट्रीय महामार्गावर दोन्ही वेळचा मिळून एकेरीच्या दीडपट टोल बसतो. फास्टॅगमधून नीट कापला गेला का ते बघा. गाडीत दिव्यांग व्यक्ती बसली आहे म्हणून टोल माफ होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माफी आहे ती शारीरिक दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला.

दोन घरांनी मिळून गाडी काढली तर खर्च निम्मा. पण दोघांची आधी ओळख होऊ द्या. एकाला खिडकी उघडी लागते आणि दुसऱ्याला वारा सहन होत नाही, यावरून भागीदाऱ्या मोडतात.

बसने जायचं तर धामनोद-सेंधव्याकडून येणाऱ्या गाड्या मानपूरवरून इंदूरला जातात. तिकीट स्वस्त, पण जागेची खात्री नाही आणि हॉर्न व टेपचा आवाज भरपूर. परतीची बस अंधाराआधीची धरा. धामनोदकडून घाट चढून येणाऱ्यांनी वेळेत घाटाचा अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवावा; ट्रक अडकला की सगळंच अडकतं. बैठक दुपारी चारची असेल तर सगळ्यांना सोसते. संध्याकाळी सातची बैठक नोकरदारांना बरी, तुम्हाला नाही.

थोडक्यात, इंदूरच्या वर्गाची फी पाचशे असली तरी तुम्हाला तो महिना तीन हजारांच्या वर पडतो. हाच आकडा धरून बाकीच्या वाटा तोला.

‘थेरपी’ची पाटी

हाच मुलगा, हीच पेटी, हेच गाणं. दारावर ‘म्युझिक थेरपी’ लिहिलं की तासाचा दर चढतो. दर चढवण्याआधी समोरच्याने काय दाखवायला हवं? भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचाउपचारतज्ज्ञ अशा वर्गांना मिळते. संगीतोपचारक हा वर्ग त्या यादीत नाही. म्हणून कुणी ‘आरसीआय मान्यताप्राप्त म्युझिक थेरपिस्ट’ असं कार्ड पुढे केलं तर नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ती नोंदणी कशासाठी आहे ते तपासा. विशेष शिक्षकाची असेल तर चांगलंच आहे, पण मग तसं सांगावं.

‘ऑटिझम बरा होतो’ असं म्हणणाऱ्याच्या दारातून लगेच मागे फिरा. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिल्यावर पाच महिन्यांनी लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नव्हता. ही चाचणी चार ते सात वर्षांच्या मुलांची होती, मोठ्यांची नव्हे. आणि गाण्याने आनंद मिळतो की नाही, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. आनंदासाठी पैसे द्या, बरं करण्याच्या वचनासाठी देऊ नका.

फीमध्ये लपलेल्या फी

वर्ग निवडलात तर पैसे भरण्यापूर्वी पूर्ण दरपत्रक कागदावर मागा. तोंडी ‘महिना आठशे’ असतो आणि पाठोपाठ एकेक बाहेर येतं. प्रवेश फी. ‘असेसमेंट’ची फी, गाण्याच्या वर्गाला असली चाचणी कशाला, हे विचारा. वह्या, टी-शर्ट आणि कसलीशी किट. वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख, हॉलची वर्गणी, व्हिडिओची प्रत. सर्वांत संतापजनक म्हणजे सोबत बसणाऱ्या आईचे किंवा काकांचे पैसे. सोबतीचा माणूस लागतो म्हणूनच तो येतो, त्याचं तिकीट लावणारा वर्ग तुमच्यासाठी नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट, हे आमिष हमखास येईल. घेऊ नका. या गटात पहिल्या महिन्यात ‘नको’ म्हणणारे बरेच असतात आणि त्यांचा तो हक्क आहे. दोन बैठका फुकट किंवा सुट्या पैशांत, मग महिन्याची फी, असं ठरवून घ्या. आजारपणात किंवा मन बिनसलेल्या आठवड्यात पैसे कापणार का, परत किती मिळतात, किती दिवसांत, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

पावतीवर जीएसटी लावला असेल तर क्रमांक बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेताच येत नाही. ‘डोनेशन’ म्हणून रोख मागितली तर संस्थेच्या नावाची पावती घ्या. ‘८०-जी’ची करसवलत सांगत असतील तर त्या नोंदणीचा क्रमांकही. आणि फीला देणगी म्हणता येत नाही. सेवा घेतलीत तर ती फीच.

कागद: कोणते लागतात, कोणते लागत नाहीत

गाण्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. प्रवेशासाठी कुणी ते मागितलं तर कारण विचारा. पालकत्वाचा दाखलाही लागत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर व्यक्तीची स्वतःची संमती महत्त्वाची. सही, अंगठा किंवा हो-नाहीचं चित्रकार्ड, जे तिला जमेल ते. गटाला तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात: घरच्या दोन माणसांचे फोन, चालू औषधं, फिट येतात का, आणि त्रास होऊ लागला की तो ओळखायचा कसा व करायचं काय. हे एका पानावर लिहून द्या. इतकं पुरे.

प्रमाणपत्र काढायचं ते सवलतींसाठी. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखकार्डाचा, अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद एवढंच जोडायचं. सरकारी शुल्क शून्य. एमपी ऑनलाइनच्या दुकानात अर्ज भरून घेतला तर त्याची भरणावळ द्या, पण ‘बोर्डाकडून टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रुग्णालय अर्जातच निवडता येतं. मानपूरहून निघण्यापूर्वी त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघेही बसणार आहेत का, हे फोनवर विचारा. एक जण नसला की अख्खी खेप फुकट जाते. अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत निघालं तर पांढरं कार्ड, ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे फक्त एडीएचडीवर कार्ड मिळवून देतो म्हणणारा एजंट खोटं बोलतोय.

महाराष्ट्रातून बदली होऊन आला असाल तर प्रमाणपत्र पुन्हा काढू नका, ते देशभर चालतं. मध्य प्रदेश सरकारच्या मासिक मदतीसारख्या योजनांना मात्र समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, लागतोच. तो नगर परिषदेत काढा. अर्ज पडून राहिला तर मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तरी हलला नाही तर मंगळवारी कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई गाठा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का घेऊनच निघा.

कार्ड हातात आलं की दोन कामं लगेच करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला. संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत. पहिल्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरणाला ५० आणि २५०. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. यातून वाचाउपचारासारख्या थेरपीचा खर्च मिळू शकतो. गाण्याच्या वर्गाची फी मिळत नाही, त्यामुळे ‘निरामयमधून वळती करून घेऊ’ या बोलण्यावर जाऊ नका. विमा ३१ मार्चला संपतो, तारीख भिंतीवर लिहा.

दुसरं काम आयकराचं. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगता ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ८०-डीडी म्हटलं की सीएला कळेल. उपचार, प्रशिक्षण किंवा पुनर्वसनावर खर्च व्हायला हवा. मात्र झालेला खर्च यापेक्षा कमी असला तरी वजावट तेवढीच मिळते. जुनी करप्रणाली निवडली तरच. नवीन प्रणालीत गेलात तर ही वजावट गेली, म्हणून दोन्हीचा हिशेब करून मगच ठरवा.

गावातच बसवायचं तर

समजा आठ गाणारे जमले. आठवड्याला एक बैठक, पाऊण तासाची. पेटीवाल्याला बैठकीचे ५०० धरले तर महिन्याचे २,०००. तबला किंवा ढोलकीला ४०० धरले तर १,६००. देवळाचा सभामंडप किंवा धर्मशाळेची खोली, दिवाबत्तीचे म्हणून ५००. गाणारे आणि सोबती मिळून सोळा माणसांचा चहा माणशी १५ रुपयांनी चार वेळा, ९६०. मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत छापलेली गाण्यांची पानं, २००. बेरीज ५,२६०, घरटी साडेसहाशेच्या आसपास. ढोलकी वगळली तर साडेचारशे. पहिले तीन महिने वगळाच. पैशांसाठी नव्हे, कानांसाठी.

पेटी विकत घेऊ नका. शिकाऊ दर्जाची नवीही साधारण दहा-पंधरा हजारांत जाते आणि गट टिकेल की नाही हे सहा महिन्यांनीच कळतं. कुणाच्या तरी माळ्यावर एक असतेच. मागून आणा, स्वर लावून घेण्याचा खर्च तुम्ही करा. तंबोऱ्याचं अ‍ॅप मोबाइलवर फुकट मिळतं. खंजिरी, चिपळ्या, लाकडी काठ्या बाजारात थोडक्या पैशांत. घुंगरू कुणाला फार आवडतात, कुणाला अजिबात नको असतात. आधी एकच जोडी आणा.

खोली बघायला जाल तेव्हा बैठकीच्याच वेळी जा. शेजारी पिठाची गिरणी चालू आहे का, ट्यूबलाइट लुकलुकते का, पंखा खडखडतो का, वीज गेली तर उजेड येतो का, बाजूला शांत कोपरा आहे का, शौचालय जवळ आहे का आणि आतून कडी अडकली तर बाहेरून उघडता येते का, ते बघा. सभागृह सवलतीत हवं असेल तर नगर परिषदेला लेखी अर्ज द्या आणि दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ त्यात लिहा. दिव्यांगांच्या सांस्कृतिक सहभागाला चालना देण्याची जबाबदारी तिथे सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. क्रमांक लिहिलेला अर्ज फाइलीत जातो, नुसती विनंती टेबलावर राहते.

संस्था म्हणून नोंदणीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. सात सभासद, ठराव, दरवर्षीचे हिशेब. आठ माणसांच्या गाण्याला एवढा पसारा नको. एक वही, दोघांच्या सह्या, महिन्याच्या शेवटी ग्रुपवर जमाखर्चाचा फोटो.

गाणी सगळ्यांना येतात तीच घ्या, मराठी, हिंदी, माळवी, निमाडी मिसळून. बैठकीला चार पुरेत, त्यातलं पहिलं आणि शेवटचं कधीच बदलू नका. कार्यक्रम करायची हुक्की आली तर कायद्याचं एवढं लक्षात ठेवा: हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत किंवा रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलंत की चित्र बदलतं. संतांच्या जुन्या रचनांचे शब्द मोकळे आहेत, पण एखाद्या संगीतकाराची चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. गणेशोत्सवातलं आमंत्रण नम्रपणे नाकारा. शेजारच्या मंडपातला डीजे काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

व्हिडिओ काढण्याआधी प्रत्येकाला विचारा, दर वेळी. आईबापांचा होकार म्हणजे त्या व्यक्तीचा होकार नव्हे. बंद खोलीत कुणी एकट्याने एकट्यासोबत बसायचं नाही, शौचालयाला नेणारा माणूस घरचा किंवा ठरलेला, आणि पगारी सोबत्याची पोलीस पडताळणी केलेली, हे तीन नियम पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. कुणी छळ केला, मारलं किंवा चारचौघांत अपमान केला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात दाद लागली नाही तर त्याच कायद्याच्या कलम ७ खाली महूच्या एसडीएमकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही.

सुरुवात पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर करा. घाटमाथ्यावर पावसात धुकं असतं, वीज जाते आणि सलग चार आठवडे जमणं कठीण होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा सोळा-सतरा बैठका मिळतात. मार्चच्या आधी निरामयचं नूतनीकरण आणि सीएची भेट, दोन्ही त्याच ग्रुपमध्ये एकमेकांना आठवण करून द्या.